भाव विचारणाऱ्याला ‘इनबॉक्स’ म्हणू नकोस

सातारा, ऑगस्टअखेर

चि. सोनूस,


तुझा फोन झाल्यावर कंपनीचं पान निवांत बसून पाहिलं. सोशल मीडियावर पैसा जातो आणि हाती काही लागत नाही, हे साहेबांचं बोलणं तुला लागलं. मला विचारशील तर त्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे. पावसातल्या आयर्विन पुलाचं रील लाखभर लोकांनी पाहिलं. झकास झालंय, वादच नाही. पण त्या लाखात द्राक्षबाग किती जणांची? तुम्ही कुपवाडला फवारणीचे ब्लोअर बनवता. पानावर मात्र सणांच्या शुभेच्छा, साहेबांचा वाढदिवस आणि पुन्हा शुभेच्छा. (वाढदिवसाचं पोस्टर बंद कर असं मी म्हणणार नाही, नोकरी करायची आहे तुला.)

त्याच पानावर एका बागायतदाराने विचारलंय, ‘सहाशे लिटरचा केवढ्याला पडेल? जुना घेता का?’ त्याला तुमचं उत्तर चार दिवसांनी, ‘कृपया इनबॉक्स पाहावा.’ अगं, तो तोवर दुसऱ्याच्या दुकानात जाऊन चहा पिऊन आला असेल. किंमत नक्की सांगता येत नसेल तर इतक्यापासून इतक्यापर्यंत असं सांग, जवळच्या डीलरचा नंबर दे, जुन्याचं काय ते स्पष्ट लिही. महाडीबीटी पोर्टलवर अनुदानाचा अर्ज कसा भरायचा हेही लोक विचारतात. त्याचं उत्तर एकदा नीट तयार करून ठेव. बागेतला माणूस मोबाइल हातात घेतो तो रात्री जेवणानंतर. तेव्हा टीममधलं कोणीतरी उत्तर द्यायला हवं, मग सकाळी उशिरा आलं तरी चालेल. ही सवलत साहेबांकडून आधी मागून घे.

शेतकऱ्याशी बोलण्याची ही गोष्ट जुनी आहे. तू साताऱ्याला येतेस तेव्हा गाडी किर्लोस्करवाडीला थांबते. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली तिथे कारखाना आणला. त्यांच्या लोखंडी नांगरापुढची मोठी अडचण किमतीची नव्हती. लोखंडाने जमीन नासते, असं शेतकऱ्याच्या मनात बसलेलं होतं. पुढे 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती कारखान्याचं मुखपत्र म्हणून. अमेरिकेत जॉन डीअर या नांगरवाल्या कंपनीने ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचं नियतकालिक त्याआधीच, 1895 मध्ये सुरू केलं होतं. म्हणजे तुझं खातं काही काल-परवा जन्मलेलं नाही.

‘खबर’चं कौतुक करताना एक गोष्ट लोकांच्या लक्षात राहत नाही. ती वाढत वाढत ‘किर्लोस्कर’ मासिक झाली, 1930 मध्ये ‘स्त्री’ आलं, 1934 मध्ये ‘मनोहर’. मराठी वाचकाचं भलं झालं, पण तो मासिकांचा स्वतंत्र संसार झाला. नांगराच्या विक्रीवर त्याची किंमत ठरत नव्हती. शंकररावांना तो झेपला. तुमच्या तिघांच्या टीमला निदान या हंगामात तरी झेपायचा नाही. तुम्ही सध्या नांगराच्या बाजूलाच राहा: गिऱ्हाइकाच्या मनातली शंका कोणती, तेवढं धरा.

ब्लोअरबाबत ती शंका मला ठाऊक आहे, निम्मी नोकरी त्यातच गेली माझी. फवारा दिसायला जोरदार दिसतो, पण औषध पानाच्या खालच्या बाजूला पोचतं का? फळछाटणीनंतर पाऊस लागून राहिला की डाउनीचा रोग खालूनच धरतो, आणि बागायतदाराची झोप उडते. पाण्याचा थेंब पडला की निळा होणारा पिवळा कागद मिळतो. तो पानांच्या मागे, घडाजवळ, वेलीच्या आतल्या बाजूला टाचणीने लाव. ट्रॅक्टर एकदा फिरव आणि कागद काढून कॅमेऱ्यासमोर धर. गाणं नको, ड्रोन नको. कुठे कागद कोरा राहिला तर तोही दाखव, आणि नोझलचा कोन बदलून पुन्हा फेरी मार. असा व्हिडिओ तासगाव, कवठेमहांकाळच्या बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या पायाने फिरतो. पाहणारे दोन हजारच असतील, पण छाटणीच्या तोंडावर यंत्र शोधणारे असतील.

दुसरं काम सर्व्हिसवाल्यांकडचं. नोझल चोक झालं म्हणून मेकॅनिकला जतपर्यंत पिटाळायचं आणि तिथे निघतं काय, तर गाळणीत बसलेला औषधाचा साका. तुझ्या एका पोराला आठवड्यातून एक दिवस मेकॅनिकच्या गाडीवर मागे बसव. गाळणी कशी उघडायची, टाकी कशी धुवायची, हे मेकॅनिकच्याच तोंडून, त्याच्याच बोलीत रेकॉर्ड होऊ दे. नंतर या तक्रारीसाठीच्या फेऱ्या किती कमी झाल्या ते सर्व्हिसच्या वहीत पाहा. डिझेलचा हिशेब साहेबांना लगेच कळतो.

लाइकचा तक्ता मीटिंगला नेऊ नकोस. या हंगामात कोणत्या तालुक्यात किती ब्लोअर जायला हवेत, ते विक्रीवाल्यांकडून लिहून घे. डीलरच्या चौकशी-वहीत ‘कुठून कळलं?’ असा एक रकाना वाढव. डीलर आळस करतील, अर्ध्या वेळा कोराच ठेवतील, तरी चालू ठेव. एवढंही करून कोणती विक्री तुमच्यामुळे झाली हे छातीठोक सांगता येणार नाही, कारण माणूस व्हिडिओ पाहतो, मेव्हण्याला विचारतो आणि मग दुकानात जातो. ते साहेबांना आधीच सांगून टाक.

विक्रीच्या बैठकीत बसायचं म्हटलंस तर विक्रीप्रमुख सुरुवातीला कां-कू करतील. फोटो काढणारी पोरं आमच्या बैठकीत कशाला, असं वाटणारच त्यांना. आधी त्यांच्या माणसांना डीलरकडे फॉरवर्ड करता येईल असा दीड मिनिटाचा व्हिडिओ करून दे, मग बैठकीचं विचार. छाटण्या सुरू व्हायला आता फार दिवस उरलेले नाहीत, तेव्हा कागदाचा प्रयोग याच आठवड्यात उरक.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा