पितृऋण आणि डोंगरउतार

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, गिस्बर्न शहराच्या पाठीमागें, उभ्या चढणीच्या टेंकड्यांवर कित्येक कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या गुरें व मेंढ्या पाळीत आलीं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत व विसाव्याच्या आरंभीं तेथील अरण्य तोडून, जाळून गवत पेरण्यांत आलें. अशा एखाद्या घरांतला तरुण जेव्हां ठरवितो कीं, सर्वांत उभ्या उतारावरचीं गुरें कायमचीं खालीं आणावयाचीं आणि तो उतार पुन्हां झाडांच्या स्वाधीन करावयाचा, तेव्हां घरांतल्या वडील माणसांस केवढा धक्का बसत असेल! ज्या आजोबांनीं घाम गाळून हीं कुरणें केलीं, त्यांच्या श्रमांवर नातवानें पाणी फिरवावें काय? वरवर पाहतां हा गुराख्यांचा प्रश्न दिसतो. परंतु वाडवडिलांचें ऋण कशानें फिटतें, हा सर्वांचाच प्रश्न त्याच्या पोटांत आहे.

वडिलांची बाजू हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. मेंढ्या ज्या जून गवताला तोंड लावीत नाहींत, तें गुरें खातात व कुरण ताजें राखतात. गुरें गेलीं म्हणजे उत्पन्नाचा एक आधार जातो. पण डोंगराचीही एक बाजू आहे. मेंढी सुमारें ६० किलोंची, तर गाय ५०० किलोंची. हिवाळ्याच्या पावसांत भिजलेल्या उतारावर तिच्या खुरांनीं गवताचें आवरण फाटतें व माती उघडी पडते. त्या टेंकड्यांचा खडक मऊ, आणि माती धरून ठेवणारीं अरण्याचीं मुळें केव्हांच कुजून गेलेलीं. मार्च १९८८ मधील ‘बोला’ वादळांत कांहीं ठिकाणीं ९०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला. असंख्य दरडी कोसळल्या आणि डोंगरावरची माती खालच्या सपाटीवर, दुसऱ्यांच्या शेतांत जाऊन बसली.

मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मास येतो, असें आमच्या धर्मशास्त्रानें मानिलें आहे. ऋषींचें ऋण अध्ययनानें, देवांचें यज्ञानें आणि पितरांचें प्रजेनें फिटतें. यांतला शेवटचा भाग विचार करण्याजोगा आहे. देणें मागच्यांचें, पण फेड पुढच्यांकडे! पितरांनीं केलें तेंच करीत राहिल्यानें हें ऋण फिटत नाहीं. त्यांचा वंश पुढें चालल्यानें फिटतें. आजोबांनीं अरण्य तोडलें तें गवतावरील प्रेमानें नव्हे, मुलाबाळांस पोटभर मिळावें म्हणून. तोच हेतु आज गुरें उतरविल्यानें साधत असेल, तर कृति उलट होऊनही नातू आजोबांचाच वारसा चालवितो. शिवाय, जुनें तेंच राखावें हा न्याय लावावयाचा, तर माओरी लोकांच्या वाडवडिलांचें अरण्य या कुरणांहून फार जुनें होतें.

मात्र गुरें उतरविलीं म्हणजे पुण्य पदरीं पडलें, असेंही नाहीं. बोला वादळानंतर शासनाच्या उत्तेजनानें तेथील पुष्कळ डोंगरांवर पाइन वृक्ष लावण्यांत आले. झाडें उभीं होतीं तोंवर माती टिकली. परंतु तीं सरसकट तोडल्यावर जुनीं मुळें कुजून नवीं धरेपर्यंत उतार पुन्हां उघडे पडले. जून २०१८ मध्यें टोलागा बे येथें आणि फेब्रुवारी २०२३ मध्यें ‘गॅब्रिएल’ वादळांत तोडीचे ओंडके पुरानें वाहत येऊन शेतांत, पुलांवर व समुद्रकिनारीं आदळले. गुरांच्या जागीं लांकडाचा लोभ आला, एवढाच फरक. याच्या उलट, उतारावर अंतराअंतरानें पॉप्लर व विलो यांचे खुंट लावून, आणि जेथें चढण फारच उभी तेथें देशी रान वाढूं देऊन माती राखतां येते. त्यांत पैसा थोडा, धीर फार लागतो.

हा तोटा वरच्या कुटुंबानें एकट्यानें सोसावा काय? माती वर राहिली तर खालच्यांचीं शेतें वांचतात. तेव्हां त्यांनीं खर्चाचा वांटा उचलणें हाच न्याय. पण तो वांटा हातीं येईपर्यंत थांबूं, असें म्हणणाऱ्यासाठीं पाऊस थांबत नाहीं. एखाद्या संध्याकाळीं गुरें खालीं हांकीत आणून वरचें फाटक कायमचें लावणारा नातू कृतघ्न आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. आजोबांच्या कर्जाचा एक हप्ता त्यानें भरला, असेंच आम्ही म्हणूं.