तनिमै

आमच्या इमारतीमागे पुंगमचं झाड आहे. पुंगम म्हणजे आपला करंज. चेन्नईत तो रस्तोरस्ती दिसतो. चौथीतली एक मुलगी शाळेतून आली की त्याच्याखाली बसते, खारींशी बोलते, गळलेली फुलं ओळीत मांडते. आईवडील रात्री आठनंतर येतात. कुटुंब उत्तरेकडून आलेलं, तमिळ अजून जमत नाही. मुलगी एकाकी आहे, यावर इमारतीतल्या मोठ्यांचं एकमत झालं. कुणी चित्रकलेचा वर्ग सुचवला, कुणी निसर्गशिबिर. मी मात्र शब्दापाशीच अडले.

एकटी, एकाकी की एकांतात? मराठीत हे वेगवेगळे आहेत. तमिळमधला 'तनिमै' हा एकच शब्द एकटेपणाचं दुःख आणि एकांताचं सुख दोन्ही सांगतो. भाषांतर करताना मला त्यातून एक निवडावं लागतं, तेही ज्याच्याबद्दल वाक्य आहे त्याला न विचारता. कागदावर हे चालतं. मुलाच्या बाबतीत चालतं का?

याच शहरात, अड्यार नदी समुद्राला मिळते तिथे, १९०९ साली एक मुलगा धाकट्या भावाबरोबर किनाऱ्यावर येत असे. आई चार वर्षांपूर्वी गेलेली. शाळेत तो मठ्ठ ठरलेला, मार खाणारा. झाडं, ढग, किडे पाहण्यात हरवणारा. थिऑसॉफिकल सोसायटीच्या लेडबीटर यांनी त्याला पाहिलं आणि त्या हरवण्याचा अर्थ लावून टाकला: हा भावी जगद्गुरू. हाच जे. कृष्णमूर्ती.

त्या मंडळींनी त्याला सकस अन्न दिलं, मार चुकवला, हे खरं. पण सोडवणं आणि ताबा घेणं एकाच हाताने झालं. मुलांच्या ताब्यासाठी वडिलांनी अ‍ॅनी बेझंट यांच्यावर खटला भरला. मद्रास उच्च न्यायालयात वडील जिंकले. १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. मुलांची इच्छा विचारात घेतलीच गेली नव्हती, हा मुद्दा तेव्हा पुढे आला. पाच वर्षं सगळे त्या मुलाबद्दल बोलत होते! १९२९ साली त्याने स्वतःच आपल्याभोवती उभारलेला संघ विसर्जित केला. झाडांकडे पाहणं मात्र त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही.

म्हणून मुलांना झाडाच्या हवाली करून मोकळं व्हावं, असं मी म्हणणार नाही. ते आपल्या सोयीचं आहे. झाड सावली देतं. ताप आला तर कपाळावर हात ठेवत नाही. करंजाखाली बसलेल्या मुलीला माणसंही हवी असतील. पण 'हवी असतील' हे माझं भाषांतर झालं. तिच्याजवळ जे आहे ते उणीव भरून काढण्यासाठी आहे की तेच तिचं धन आहे, हे तिच्याखेरीज कोण सांगणार? आणि दोन्ही एकदम असू शकतं. तमिळ शब्दाला ते माहीत आहे.

परवा मी खाली गेले. विचारलं, "इथे बसू का?"

तिने माझ्याकडे न बघता हात वर केला. "आंटी, थांबा. खार जाऊ दे, मग बसा."

खारीला घाई नव्हती. मी उभी राहिले.