पित्याने वाढलेले ताट



ऑक्टोबरची उन्हे तापू लागली की वैतरणेच्या खाडीत पाहुणे उतरतात. अर्नाळ्याजवळ, जिथे नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीच्या वेळी जरा उभे राहावे. चिखल्या पक्षी लगबगीने धावत असतात. वाकड्या चोचीचा कोरल चिखलात खोलवर चोच खुपसून किडे, खेकडे शोधत असतो. कुरव वाळूवर विसावलेले असतात. यांतील कित्येक थेट उत्तरेच्या थंड प्रदेशांतून आलेले. २०२२ साली अशाच एका किनारपक्ष्याच्या पाच महिन्यांच्या पिलाने अलास्का ते टास्मानिया हे सुमारे १३,५६० किलोमीटरचे अंतर ११ दिवसांत, कुठेही न उतरता कापले. त्याला वाट कोणी दाखवली?

यिर्मया संदेष्ट्याने पाखरांचाच दाखला देऊन लोकांचे कान उपटले होते. पाखरे ऋतू ओळखून परततात, माणूस मात्र देवाकडे परतायचे विसरतो, ही त्याची खंत.

यंदा आम्ही युवकांबरोबर खाडीवर गेलो. एका कडेला एकही पक्षी नव्हता. तिथे विटा आणि फुटक्या लाद्यांचा भराव पडला होता. सोबतचे एक कोळीबांधव म्हणाले, “फादर, चिखल दबला की त्यातला जीव मरतो. मग पक्षी कशाला उतरेल?”

त्या लाद्या पाहून आम्हांला आठवले. गेल्या वर्षी आपल्या धर्मगुरुनिवासाची फरशी बदलली, तेव्हा जुन्या लाद्या ट्रकमधून गेल्या. कुठे टाकणार, हे आम्ही विचारले नाही. खाडीतल्या लाद्या आपल्याच होत्या, असे आम्ही म्हणत नाही. पण न विचारल्याचा दोष आमचा आहे. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर टाळलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. ती कबुली त्या दिवशी आम्हांला जड गेली.

आकाशातल्या पाखरांना स्वर्गीय पिता खाऊ घालतो, असे प्रभू येशू सांगतो. कशातून? याच चिखलातून. त्यावर भराव टाकणे म्हणजे पित्याने वाढलेले ताट उपडे करणे होय. त्याच चिखलावर आपल्या मच्छीमार कुटुंबांचीही चूल पेटते.

गावात घरे बांधली जात आहेत, ती आनंदाने बांधावीत. फक्त ट्रक निघण्यापूर्वी एक प्रश्न विचारूया : “हे कुठे टाकणार?” समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत ट्रक थांबवूया.

पाखरांना परतीची वेळ कळते. प्रभू आपल्यालाही ती कळण्याची कृपा देवो.

आपले प्रमुख धर्मगुरू