लंडनमधला एक पत्ता

उन्हाळ्याच्या सुट्टीत आता धायरीसारख्या उपनगरातल्या सोसायट्यांमधूनही लंडनला जाणारी कुटुंबं दिसतात. कुणाची लेक तिथे नोकरीला, कुणाचा मुलगा शिकायला. मग आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे यादी करतात : बिग बेन, टॉवर ब्रिज, लंडन आय.

त्या यादीत आणखी एक पत्ता घाला : १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना, १९२१-२२ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतलं. आज ते स्मारक आहे. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं.

लंडन तेव्हाही गजबजलेलंच होतं. त्या गजबजाटात बाबासाहेब दिवसचे दिवस ग्रंथालयात बसले, रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

मोठं शहर सगळ्यांपुढे सगळंच मांडतं. त्यातलं काय घ्यायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मुलांना लंडन आयच्या उंच पाळण्यात जरूर बसवा. पण एक दुपार या घरासाठी राखून ठेवा, आणि फोटो काढण्याआधी त्यांना विचारा : तुम्ही इथे शिकायला आलात, तर काय शिकाल? आणि शिकून कुणासाठी काय कराल?