सर्व ऋतूंना पुरणारे शील

काळाप्रमाणे धर्म बदलावा, की काळ कितीही बदलला तरी धर्माने अढळ राहावे, हा वाद आपल्याकडे इतका पुरातन आहे की त्याच्या दोन्ही बाजूंना शास्त्राचा भक्कम आधार काढून दाखविता येतो. सत्य, अहिंसा, अस्तेय, शौच आणि इंद्रियनिग्रह हे सर्वांना सर्वकाळ सारखेच बंधनकारक असे साधारण धर्म म्हणून ज्या स्मृतिकारांनी सांगितले, त्यांनीच कृतयुगाचे धर्म निराळे आणि कलियुगाचे निराळे अशी वाटणीही करून ठेविली. आणि महाभारतकारांनी तर शांतिपर्वात राजधर्माचे विवेचन संपताच आपद्धर्माचे स्वतंत्र प्रकरण उघडून, सुकाळात जे पाप ते दुष्काळात निरुपायाने कर्तव्य कसे होऊन बसते, हे भुकेने व्याकुळ झालेल्या विश्वामित्राच्या कथेतून दाखविले. आयुर्वेदाचा कौल तर उघडच बदलाच्या बाजूचा आहे; चरकापासून वाग्भटापर्यंत सर्वांनी ऋतुगणिक आहार निराळा, विहार निराळा आणि निद्राही निराळी सांगितली. तेव्हा मनुष्याने सर्व ऋतूंना पुरेल असे एकच शील जोपासावे, की प्रत्येक ऋतूसाठी वेगळे मन सिद्ध ठेवावे, हा प्रश्न ज्याने थोडाफार संसार केला आहे त्याला केव्हा ना केव्हा पडतोच. या प्रश्नावर मला सर्वांत स्वच्छ प्रकाश शीतप्रदेशात मोटार हाकणाऱ्या माणसांच्या, गाडीच्या टायरांविषयीच्या बोलण्यातून मिळाला. ही जोड कोणास विजोड वाटेल. परंतु ज्या वस्तूवर माणूस आपला आणि आपल्या लेकरांचा जीव रोज सोपवितो, तिच्याविषयी तो जे बोलतो त्यात तत्त्वज्ञानाचा अंश आल्यावाचून राहत नाही.

कॅनडातील मोटारवाल्यांची जुनी वहिवाट अशी की, एका गाडीला टायरांचे दोन संच ठेवावयाचे. दिवाळीच्या सुमारास उन्हाळी संच उतरवून हिवाळी चढवावयाचा आणि चैत्र उजाडला की पुन्हा उलट; जो संच उतरेल तो तळघरात रचून ठेवावयाचा, किंवा भाडे भरून गॅरेजवाल्याच्या कोठारात टाकावयाचा. क्वेबेक प्रांताने 2008 सालापासून ही गोष्ट कायद्यानेच सक्तीची केली, आणि सांप्रत तिची मुदत 1 डिसेंबर ते 15 मार्च अशी आहे. पश्चिमेकडे ब्रिटिश कोलंबियातील डोंगरी महामार्गांवर हा अंमल 1 ऑक्टोबरपासूनच सुरू होतो. ज्यांना वर्षातून दोनदा हा खर्च आणि खोळंबा नको असतो, किंवा मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडे सदनिकेत राहणाऱ्या आपल्या कित्येक मराठी कुटुंबांप्रमाणे ज्यांच्यापाशी चार टायर रचून ठेवण्याइतकी जागाच नसते, त्यांच्यासाठी बारमाही टायर आले आहेत. ‘ऑल-सीझन’ या नावाने फार वर्षांपासून जे विकले जातात ते हे नव्हेत. ते सौम्य हवेचे सोबती आहेत आणि खऱ्या थंडीत ताठरतात. मी म्हणतो ते ‘ऑल-वेदर’, ज्यांच्या अंगावर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची आकृती कोरलेली असते आणि ज्यांना हिवाळ्यातही उतरवावे लागत नाही.

आता रबराचा सारा इतिहासच ऋतूंशी चाललेला एक दीर्घ झगडा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिकेत रबरी वस्तूंची मोठी हौस उसळली. पण उन्हाळा लागताच ते जोडे आणि डगले चिकट होऊन ओघळू लागत, हिवाळ्यात ताठ होऊन तडकत, आणि त्यापायी कित्येक कारखानदारांचे दिवाळे निघाले. चार्ल्स गुडइयर याने 1839 मध्ये रबरात गंधक मिसळून त्याला आच दिली, तेव्हा कोठे उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही सोसणारे रबर माणसाच्या हाती आले. त्याचे पेटंट त्याला 1844 मध्ये मिळाले. जे रेणू एकमेकांवरून मोकाट घसरत होते, त्यांच्यामध्ये गंधकाने ठिकठिकाणी गाठी मारल्या. या गाठी विरळ असल्या की रबर ताणले जाते आणि ताण सरताच मूळपदावर येते. परंतु गंधकाचे प्रमाण बेसुमार वाढवावे तर तेच रबर निब्बर होऊन त्याचे एबनाइट बनते, ज्याच्या एकेकाळी फाउंटन पेनच्या नळ्या होत. बंधन मुळीच नसेल तर पदार्थ ओघळतो आणि बंधने अतोनात झाली तर त्याचे काठिण्य होते. संयमाविषयी इतके नेमके विधान मी अनेक नीतिग्रंथ चाळूनही क्वचितच पाहिले आहे.

उन्हाळी टायरचे रबर, हवा सात अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागली की घट्ट होत जाते, हा तिकडच्या गॅरेजांतील सर्वमान्य ठोकताळा आहे. असे घट्ट झालेले रबर का निसटते, हे समजून घेण्यासारखे आहे. डांबरी रस्ता दुरून सपाट भासतो. जवळून पाहावे तर त्याच्यावर असंख्य बारीक उंचवटे असतात. मऊ रबर त्यांतल्या प्रत्येक उंचवट्याभोवती क्षणभर आपला आकार मोडते, पुन्हा सावरते, आणि या मोडण्या-सावरण्यात जी शक्ती खर्ची पडते तिच्यातूनच पकडीचा मोठा भाग निर्माण होतो. टायरचा जो भाग एका वेळी जमिनीला टेकलेला असतो तो उणापुरा तळहाताएवढा. अशा चार तळहातांवर सारी गाडी धावत असते. जो टायर रस्त्यापुढे आपला आकार मुळीच मोडीत नाही, तो रस्त्याला धरूही शकत नाही.

स्थितप्रज्ञाविषयी आपल्या समाजात रूढ असलेल्या समजुतीला येथे जबर धक्का बसतो, आणि तो बसावा असेच मला वाटते. सुखाने न हुरळणारा आणि दुःखाने न होरपळणारा पुरुष म्हणजे ज्याला काहीच लागत नाही असा पाषाण, ही ती समजूत. घरात मृत्यू झाला असता ज्याच्या डोळ्यांत पाणी आले नाही त्याची आपण ज्ञानी म्हणून वाखाणणी करतो, आणि मुलाच्या यशाने ज्याचा चेहरा फुलला नाही त्याला विरक्त म्हणतो. विनोबांनी 1944 साली शिवनीच्या तुरुंगात ज्या लक्षणांवर व्याख्याने दिली, त्या गीतेतील लक्षणांत कासवाचा दृष्टांत आहे. कासव अवयव आवरून घेते, याचा अर्थच असा की ते अवयव जिवंत आहेत, आणि संकट टळताच पुन्हा बाहेर येणारे आहेत. निर्जीव कवचाला आवरून घेण्यासारखे काय असते? थंडीत आणि उन्हात सारखाच कठीण राहणारा टायर मिळाला तर त्याला कोणीही बारमाही म्हणणार नाही; तो बाराही महिने निरुपयोगी ठरेल. सर्व ऋतूंत जे सारखे राहावयाचे ते मार्दव, आणि समत्वाचा अर्थ मी तोच घेतो.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी ब्रॅम्प्टनच्या एका गॅरेजात, रात्रभर उघड्यावर पडलेले दोन टायर तेथल्या पंजाबी मिस्त्रीने माझ्यापुढे ठेविले आणि अंगठ्याने दाबून पाहावयास सांगितले. उन्हाळी टायरच्या नक्षीतला उंच गट्टू अंगठ्याखाली जराही दबला नाही. नख रोवले तरी ओरखडा उठला नाही. बारमाही टायरचा गट्टू किंचित दबला आणि अंगठा उचलताच उसळून आला. त्याच्या माथ्यावर नागमोडी, केसासारख्या बारीक चिरा होत्या, आणि गट्टू दाबला की त्या उघडत. ओल्या रस्त्यावरील पाण्याचा पापुद्रा या चिरा मोडतात आणि भुसभुशीत हिमात त्यांच्याच कडा रुततात, असे त्याने सांगितले. चिरांवाचून अखंड राहिलेला गट्टू दिसावयास अधिक भरभक्कम दिसतो, परंतु हिमावर त्याला धरावयास कडाच उरत नाहीत.

मात्र हे शील फुकट मिळत नाही, आणि त्याची किंमत कोणती, हे अनुभवी माणसांनी मला मोकळेपणाने सांगितले. मूळचे सांगलीकडचे एक निवृत्त अभियंते, जे दर जुलैत कुटुंबाला घेऊन मॉन्ट्रियलपर्यंत जातात, त्यांची कैफियत अशी की भर उन्हात, भरल्या गाडीनिशी वेगाने वळण घेताना हा टायर लेचापेचा वाटतो, आणि झिजतोही लवकर. एका संचात भागले म्हणून वाचलेला पैसा पुढचा संच लवकर घ्यावा लागल्याने बराचसा परत जातो. उन्हाळ्यात तो उन्हाळी टायरइतका नाही आणि निखळ बर्फावर हिवाळी टायरइतका नाही, हे त्यांचे म्हणणे कोणीही खोडून काढू शकला नाही. रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेचा अनुभव याहून निराळा. ती रात्री घरून निघते तेव्हा पाऊस असतो, पहाटे रुग्णालयाबाहेर पडते तेव्हा त्याच पाण्याचा बर्फ झालेला असतो, आणि दुपारी पुन्हा चिखल. तिला कोणत्याही एका ऋतूतील श्रेष्ठत्व नको आहे. पंचांगाने ऋतू बदलण्यापूर्वीच रस्ता बदलला तर आपण उघडे पडू नये, एवढेच हवे आहे. बारमाही टायरांविषयी मी जी जी स्तुती ऐकली ती बहुतेक नोव्हेंबर आणि एप्रिल याच दिवसांविषयीची होती, आणि तेव्हा मला वाग्भटाचा ऋतुसंधी आठवला: सरत्या ऋतूचा अखेरचा आठवडा आणि येत्या ऋतूचा पहिला, या काळात जुनी चर्या हळूहळू सोडावी व नवी हळूहळू धरावी, कारण एकदम सोडले-धरले तर रोग उद्भवतात. मनुष्याचे पाय भर संकटापेक्षा अशा सांध्यावरच अधिक घसरतात. नोकरी सुटून निवृत्ती अंगवळणी पडावयाची असते ते दिवस, मुलीचे लग्न होऊन घर रिकामे झालेले असते तो पंधरवडा, यांच्यासाठी कोणतेही खास शस्त्र आपल्या भात्यात नसते. तेथे रोजचेच शील पुरे पडावे लागते.

यावर असा आक्षेप येईल की, ज्याला टोकाच्या हिवाळ्यातच राहावयाचे आहे त्याने काय करावे? त्याने खास हिवाळी टायरच घ्यावा, यात मला संशय नाही. ज्या फिनलंडमधील नोकिया गावच्या कारखान्याने 1934 साली पहिला हिवाळी टायर काढला, त्या देशाच्या उत्तरेला लोक पोलादी खिळे ठोकलेले टायर वापरतात आणि ते योग्यच करतात. संन्याशाने आपले हवामान आपण निवडलेले असते. अरण्य, गुहा, एकांत, असा एकच ऋतू पत्करून तो त्यासाठी एकाग्रतेने सिद्ध होतो, आणि त्या सिद्धीपुढे गृहस्थाने नम्रच असावे. गृहस्थाला हवामान निवडता येत नाही. एकाच दिवसात त्याला सुतकाला जाऊन बारशाला हजर राहावे लागते, कचेरीत ताठ व्हावे लागते आणि संध्याकाळी आजारी आईच्या उशाशी मऊ. तो कोणत्याच टोकाला सर्वश्रेष्ठ ठरणार नाही. आणि हे उणेपण पत्करणे ही त्याच्या धर्मातली तडजोड नसून त्याचा धर्मच आहे, असे माझे मत आहे.

अखेरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि बाजारात तिचा उच्चार सर्वांत कमी होतो. टायरवरील त्या डोंगर-हिमकणाच्या मुद्रेला लोक सनद मानतात. ही मुद्रा 1999 साली अमेरिका व कॅनडा यांतील रबर उत्पादकांच्या संघटनांनी प्रचारात आणली. तिकडे ती मिळविण्याची कसोटी अशी की, दाबून घट्ट केलेल्या हिमावर तो टायर गाडीला पुढे किती ओढून नेतो ते एका प्रमाण टायरशी ताडून पाहावयाचे; प्रमाण टायरचे गुण शंभर धरले तर याला निदान एकशे दहा मिळाले पाहिजेत. या कसोटीत गाडी थांबते किती अंतरात हे पाहिले जात नाही, वळणावर टिकते की नाही हे पाहिले जात नाही, आणि निखळ बर्फाचा तर तीत प्रश्नच नाही. म्हणजे ती मुद्रा प्रवृत्तीची ग्वाही देते, निवृत्तीची नव्हे. ज्यांच्या गाड्या चौकातून घसरत पलीकडे गेल्या, अशा दोघातिघांशी मी बोललो आहे. त्या सर्वांनी एकच सांगितले, की निघताना गाडी इतकी सहज निघाली की थांबताना ती थांबणार नाही असे मनातही आले नाही. त्यातून शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ उणे वीस अंशांच्या बर्फापेक्षा अधिक निसरडा असतो, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. तेव्हा हवा ज्या दिवशी जराशी सुखद वाटते, त्याच दिवशी धोका अधिक.

मनुष्याच्या शीलाची परीक्षाही आपण अशीच अर्धवट घेतो. कोण किती पुढे गेला, बिकट वाटेवर कोणाची गाडी अडली नाही, यावरून आपण त्याला दाखला देऊन टाकतो. रागाच्या भरात शब्द ओठांवर आलेला असताना जो थांबला, फायद्याचा व्यवहार हाताशी असताना ज्याने हात आखडला, त्याच्या कपाळी कोणतीही मुद्रा कोरलेली नसते. ज्यांनी समत्व जोपासले असे आपण म्हणतो, त्यांच्याविषयीही मी आता हेच विचारतो, की यांना थांबता येते काय, आणि किती अंतरात?

त्या परिचारिकेला मी विचारले, की इतक्या वर्षांत या टायरांवर तुमचा पूर्ण भरवसा बसला असेल. ती म्हणाली, बसला आहे, म्हणूनच दर वर्षी पहिले हिम पडले की मी रुग्णालयामागच्या रिकाम्या वाहनतळावर जाऊन सावकाश वेगात जोराने ब्रेक दाबून पाहते. गाडी जेथे थांबेल तेवढे अंतर त्या हिवाळ्यापुरते मनात धरते, आणि दुसऱ्या दिवसापासून घरून लवकर निघते.