मागणाऱ्याची पत

3 ऑगस्ट हा भारतीय अवयवदान दिवस. 1994 साली याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये देशातलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण झालं, त्याची ही आठवण. त्या आठवड्यात गावोगावी फेऱ्या निघतात, महाविद्यालयांत शपथा होतात आणि भाषणात दधीची ऋषी येतात. दधीचींशिवाय अवयवदानाचं भाषण मी तरी ऐकलेलं नाही. इंद्राला वज्र हवं होतं, ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या. दृष्टान्त मोठाच आहे, पण इथे तो नीट बसत नाही. दधीचींनी स्वतःचा देह स्वतः दिला. अतिदक्षता विभागाबाहेर सतरंजीवर बसलेल्या बापाला आपला देह द्यायचाच नसतो. त्याला पोराचा द्यायचा असतो, आणि तोही मेंदू मेलेल्या पोराची छाती व्हेंटिलेटरवर खाली-वर होताना दिसत असताना.

तिथून ‘नको’ असं उत्तर आलं की कारण तयार असतं: लोक अडाणी, रूढींना चिकटलेले. बीड जिल्ह्याचं नाव निघालं की हे वाक्य आणखी सहज सुटतं.

रूढी नाहीत असं कोण म्हणेल? ‘आख्खा आला, आख्खा जाऊ द्या,’ असं म्हणणारी म्हातारी प्रत्येक वाड्यावस्तीवर सापडेल. डोळे काढले तर पुढल्या जन्मी आंधळा होईल, ही भीती आहे. दहाव्याला कावळा शिवेल का, ही आहे. पाहुणे जमलेत, माती वेळेत व्हायला हवी, ही घाई आहे. आणि ज्याचा उच्चार कोणी करत नाही ती भीती वेगळीच: भावकी म्हणेल, किती घेतले? मला तर वाटतं, परलोकापेक्षा या शेवटच्या प्रश्नाचा धाक जास्त आहे.

पण याच जिल्ह्यात देह नाशवंत असल्याचं सप्ताहाच्या प्रत्येक कीर्तनात सांगतात आणि ऐकणारे माना डोलावतात. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची आहे. वेदान्त इथे बाहेरून आणावा लागत नाही. नारायणगड, गहिनीनाथगडाच्या पंगतींना दुष्काळातही धान्य कमी पडू न देणारी ही माणसं आहेत. मुसलमानांत मतभेद आहेत, पण 1988 मध्ये जेद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने अटी घालून प्रत्यारोपणाला मान्यता दिली होती. देण्याला आधार हवा असेल तर तो प्रत्येक आळीत आहे. मग अडतं कुठे?

दोन बौद्ध परंपरांचे देश पाहा. श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी 1961 मध्ये नेत्रदान संस्था उभी केली. दान ही पारमिता आहे, हे तिथल्या माणसाला नव्याने शिकवावं लागलं नाही, आणि त्या छोट्या बेटावरून जगभरच्या आंधळ्यांना डोळे गेले. जपानात 1968 च्या ऑगस्टमध्ये साप्पोरोला डॉ. वादा यांनी देशातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण पुढे दगावला. मग प्रश्न निघाले: ज्याचं हृदय काढलं तो तरुण खरंच मेला होता का? ज्याला बसवलं त्याला त्याची गरज तरी होती का? चौकशी झाली, खटला उभा राहिला नाही, पण संशय मात्र राहिला. मेंदुमृत माणसाचे अवयव घेण्याचा कायदा यायला तिथे 1997 उजाडलं. जपानात मृतदेहाविषयीच्या जुन्या समजुतीही होत्याच, पण एका शस्त्रक्रियेने त्यांना तीस वर्षांचं बळ दिलं.

बीडचा माणूस डॉक्टरपुढे जातो तेव्हा त्याच्या पाठीशी काय असतं? 2019 साली ऊसतोड महिलांच्या गर्भाशयांचा प्रश्न राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जी आकडेवारी आली तीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा बायकांत एक. त्यातल्या कित्येक तिशी-पस्तिशीतल्या. अंगावरून जातं, पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घातली जाई. इकडे खाडा झाला की मुकादम पैसे कापे, आणि शस्त्रक्रियेसाठी पुन्हा त्याच्याकडूनच उचल. त्याआधी 2012 मध्ये परळीच्या एका दवाखान्यातलं बेकायदा गर्भपाताचं प्रकरण घडलेलं. ज्या घरातून एक अवयव असा गेला आहे, त्या घराला ‘काका, अवयवदानाचा विचार करा’ म्हणणारा पांढरा कोट कसा दिसत असेल?

म्हणून या नकाराला अंधश्रद्धा म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्यात अनुभव आहे. दान मागणाऱ्याचीही काही पत लागते. गावात वर्गणी मागायला येणाऱ्याची आपण पारख करतोच की, इथे तर काळीज मागायचं आहे.

पत दुसऱ्या अंगानेही तपासली जाते: उद्या मला लागलं तर मिळेल का? मूत्रपिंड बदलायचं तर इथल्या माणसाला छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यासारखं मोठं शहर गाठावं लागतं. शासकीय योजनेतून मदत मिळते, पण प्रत्यारोपणानंतरची औषधं जन्मभराची, आणि सहा महिने कारखान्यावर, सहा महिने गावी असणाऱ्या कुटुंबाने तपासण्यांच्या तारखा कशा पाळायच्या?

परंपरा दुबळी आहे असं मात्र मी म्हणत नाही. जिवंतपणी द्यायची वेळ येते तेव्हा ती फार जोरात बोलते, आणि ते बोलणं तपासायला हवं. 2019 ते 2023 या काळात देशात 56,509 जिवंत दात्यांनी अवयव दिले. त्यांत 36,038 बायका होत्या. मिळालेल्यांत बायका फक्त 17,041. आईने मुलाला द्यावं, बायकोने नवऱ्याला द्यावं, ‘तो कमावता आहे’ म्हणून. यात प्रेम नाही असं कसं म्हणू? पण बैठकीत तिला कोणी विचारलं होतं का, की तिने स्वतःहून पदर पुढे करावा अशीच सगळ्यांची बसायची रीत होती? त्याग म्हणून आपण ज्याला हात जोडतो, त्यातला किती भाग नकार देण्याची सोय नसण्याचा असतो? मेल्यावर देह अखंड हवा म्हणणारं घर जितीजागती सून ऑपरेशन टेबलावर पाठवायला फार कचरत नाही. पावित्र्य कुणाच्या देहाचं, हेही एकदा ठरवायला हवं.

तरीही एक गोष्ट नकार देणाऱ्यालाही विचारली पाहिजे. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारा माणूस मुकादम नाही आणि गर्भपिशवी काढणारा डॉक्टरही नाही. आपला संशय रास्त असला, तरी त्याची किंमत तो मोजतो.

कायद्याने संशयासाठी जागा ठेवली आहे. 1994 च्या कायद्यानुसार मेंदुमृत्यू चार डॉक्टर मिळून ठरवतात, तपासण्या दोनदा होतात, मध्ये किमान सहा तास जातात, आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या चौघांत बसू शकत नाहीत. ही तजवीज कुटुंबाला पहिल्याच दिवशी, कुणी काही मागण्याच्या आधी, आपल्या बोलीत सांगितली जाते का? चार दिवस ‘बघू, औषध चालूय’ म्हणायचं आणि पाचव्या दिवशी एकदम फॉर्म पुढे करायचा, तर सही होणार नाही. होऊही नये.

मला विचाराल तर बीडमध्ये सुरुवात डोळ्यांपासून करावी. तिथे व्हेंटिलेटर नाही, मेंदुमृत्यूचा घोळ नाही. माणूस गेलेला आहे हे घरातल्या सगळ्यांना दिसतं. सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं घरी येतात, सगळ्यांच्या देखत अर्ध्या तासाच्या आत काम उरकतात, चेहरा विद्रूप होत नाही आणि मातीला उशीरही होत नाही. भावकीतल्या चौघांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे ‘किती घेतले’ हा प्रश्न विचारायला कोणी उरत नाही. फक्त फोन केल्यावर गाडी वेळेत यायला हवी, अंबाजोगाईपासून आष्टीपर्यंत, रात्री दोन वाजतासुद्धा.