वीस गुणांची साक्ष

विद्यार्थ्याला कोणी जोखावे? ज्याने त्याला कधी पाहिलेले नाही त्याने, की ज्याला तो रोज वर्गात दिसतो त्याने? परीक्षेविषयीचे बहुतेक वाद शेवटी याच प्रश्नापाशी येतात.

तेलंगणात दहावीला विषयाच्या १०० गुणांपैकी ८० मंडळाच्या लेखी परीक्षेला आणि २० शाळेकडे, अशी पद्धत रूढ झाली. वर्षभरातील चार चाचण्यांतून, वर्गातील सहभाग, लेखन, प्रकल्प आणि एक छोटी लेखी परीक्षा पाहून, शिक्षकाने हे २० गुण द्यायचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये शासनाने ते रद्द करून पूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा घेण्याचे जाहीर केले आणि लगेच तो निर्णय पुढे ढकलला.

शाळेच्या गुणांवर अविश्वास का? अनेक शाळा सरसकट एकोणीस-वीस गुण वाटतात, ही तक्रार जुनी आहे आणि ती निराधार नाही. शिवाय परक्या परीक्षकाची एक थोरवी मान्य केलीच पाहिजे. त्याला मुलाचे आडनाव दिसत नाही, जात दिसत नाही, बापाचा हुद्दा दिसत नाही. गरिबाच्या पोराला हा आंधळा न्याय कित्येकदा ओळखीच्या माणसांपेक्षा अधिक उदार वाटला आहे.

परंतु आंधळ्या न्यायालाही ठेच लागते. एप्रिल २०१९ मध्ये तेलंगणाच्या इंटरमीजिएट परीक्षेचा निकाल लागला. एका विद्यार्थिनीला तेलुगूत शून्य गुण मिळाले. फेरतपासणीत ते ९९ निघाले. निकालानंतरच्या दिवसांत वीसहून अधिक मुलांनी जीव दिला. त्या मुलीला वर्षभर शिकवणाऱ्या कोणालाही विचारले असते, तरी ‘हे शून्य तिचे नव्हे’ असे त्याने तत्क्षणी सांगितले असते. पण त्याला विचारण्याची सोयच व्यवस्थेत नव्हती.

आमच्या हिमायतनगरातून नारायणगुड्याकडे चालत गेलात, तर क्लासेसच्या फलकांवर मुलांचे चेहरे आणि खाली आकडे दिसतील. हे आकडे खोटे नसतात; अपुरे असतात. घरी मराठी, रस्त्यावर तेलुगू आणि दखनी, वर्गात इंग्रजी असा चार भाषांचा संसार आपली मुले सहज सांभाळतात. आजीला बँकेतला कागद मराठीत समजावून देणारी सहावीतली मुलगी कोणत्या प्रश्नपत्रिकेत मावते? हे शिक्षकाला दिसते. मात्र पेपरात जे येत नाही ते पाहण्याची त्याची सवय हळूहळू मोडते, आणि ‘हे परीक्षेला आहे का, सर?’ हा प्रश्न मुलांच्या तोंडी बसतो. मग उरते घोका आणि ओका.

तेव्हा आंधळा न्याय आणि डोळस साक्ष दोन्ही हवेत. शासनाने वीस गुण काढून घेण्याऐवजी ते का दिले, याचा पुरावा मागावा. वह्या आणि प्रकल्प दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांकडून तपासून घ्यावेत. पण कायद्याने साक्षीला जागा मिळते, किंमत मिळत नाही. ती साक्षीदाराच्या खरेपणातून येते. ज्या शिक्षकाला बारा गुणांच्या मुलाला बारा देण्याचे धैर्य नाही, त्याच्या वीसलाही अर्थ उरत नाही. आणि त्या बारा गुणांवरून शाळेत भांडायला येण्याऐवजी ‘माझ्या मुलाचे काय राहिले?’ असे विचारणारा पालक नसेल, तर ते धैर्य फार दिवस टिकत नाही.

शिक्षकाचा शब्द स्वस्त झाला आहे खरा. तो स्वस्त करण्यात शासनाइतकाच शाळांचा आणि घरांचाही वाटा आहे. म्हणून त्याची किंमत परत आणण्याचे कामही तिघांचेच आहे.